पन्नाशीतलं प्रेम: 'इनफ सेड' बघावा की 'समथिंग्ज गॉटा गिव्ह'?

घटस्फोटानंतर किंवा जोडीदार गेल्यावर पन्नाशीत पुन्हा कुणी आवडू लागलं की जी घालमेल होते, ती हसत-खेळत दाखवणारे सिनेमे मोजकेच आहेत. हे दोन त्यांतले. एका संध्याकाळी एकच होणार असेल, तर माझं मत असं.

नॅन्सी मायर्सचा 'समथिंग्ज गॉटा गिव्ह' 2003चा. 63 वर्षांचा हॅरी आयुष्यभर तिशीच्या आतल्या मुलींसोबत फिरलेला. तरुण मैत्रिणीच्या आईच्या समुद्रकाठच्या घरी त्याला हार्ट अटॅक येतो आणि तिथेच राहून बरं व्हावं लागतं. ही आई म्हणजे एरिका, घटस्फोटित नाटककार. जॅक निकल्सन आणि डायन कीटन यांची जोडी बघतच राहावी अशी. ऐन जवळिकीच्या क्षणी बीपी मोजलं जातं, दोघांच्या चाळिशीची अदलाबदल होते. वयाचं शरीर इथे लपवलेलं नाही. मन मोडल्यावर एरिका हमसून रडत नाटक लिहिते, तो भाग फार सुंदर आहे. कीटनला ऑस्करचं नामांकन मिळालं ते योग्यच. पण घर आलिशान, पैशाची ददात नाही, वर देखणा तरुण डॉक्टरही तिच्या प्रेमात. मन रमतं, आपली गोष्ट मात्र वाटत नाही.

'इनफ सेड' (2013) मला आपली वाटली. दिग्दर्शिका निकोल होलोफसेनरची ईव्हा लॉस एंजेलिसमध्ये घरोघरी जाऊन मसाज करते, जड टेबल स्वतः उचलून जिने चढते. तिचा घटस्फोट झालाय, मुलगी कॉलेजसाठी दूर निघालीय. अल्बर्टचंही तेच. तो जाडा, संथ, मनाने मऊ. दोघं एकमेकांना मनापासून हसवतात. मग ईव्हाला कळतं, की आपली नवी मैत्रीण, जी सतत आधीच्या नवऱ्याची गाऱ्हाणी सांगते, ती अल्बर्टचीच बायको होती. ईव्हा गप्प राहते आणि ऐकत जाते. ग्वाकामोले खाताना तो कांदा बाजूला सारतो, ही त्या बाईची तक्रार. हळूहळू ईव्हालाही तेवढंच दिसू लागतं. मित्रांकडच्या जेवणात ती त्याला वजनावरून टोचते. परतताना तो विचारतो, आजची संध्याकाळ मी माझ्या आधीच्या बायकोसोबत घालवली असं का वाटतंय? माझ्या पोटात कालवलं. एकदा पोळलेलं माणूस नव्या माणसातही आधी खोटच शोधतं, हे इतक्या साधेपणाने मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. अल्बर्ट साकारणारा जेम्स गँडोल्फिनी सिनेमा येण्याआधीच, जून 2013 मध्ये गेला. त्याचा ओशाळा, दुखावलेला चेहरा बघताना ते आठवत राहतं.

तेव्हा मैत्रिणींचा घोळका जमलाय, हसायचंय, तर पहिला. एकट्याने बघणार असाल, आणि मनात कुणाला होकार द्यावा की नाही हे घोळत असेल, तर डोळे झाकून 'इनफ सेड'.

घरात एकट्या राहिलेल्या आई किंवा वडिलांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला असेल, तर मात्र हे दोन्ही बाजूला ठेवा आणि बासू चटर्जींचा 'खट्टा मीठा' (1978) लावा. अशोक कुमारचा होमी आणि पर्ल पदमसीची नर्गिस, मुंबईतले पारशी, दोघांच्याही घरी मोठी मुलं. लग्न पटकन होतं. खरी परीक्षा दोन घरांतली मुलं एका छपराखाली आल्यावर. मुलांनाही शेजारी बसवून बघा.