स्लॅबमधलं नाणं वाजवून घेता येत नाही

आठ महिन्यांत तीन स्लॅब घेतले, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून, दर्जाचा आकडा (ग्रेड) देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेली नाणी: 1911चा रुपया, 1919चा मुंबई टांकसाळीचा रुपया आणि एक शिवराई. तिन्ही पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांचे. पैसे वसूल झाले ते एकाच्याच बाबतीत.

तो 1911चा. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड पडली, लोकांना तो डुक्कर दिसला, ओरड झाली आणि बहुतेक रुपये परत वितळवले गेले. 1912पासून हत्ती सुधारला. अशा नाण्याला मागणी असते, त्यामुळे नकलाही असतात. त्याआधी एका विक्रेत्याकडून हाच रुपया मी सुटा घेतला होता. पांढराशुभ्र, बघताच आवडला. घरी दिव्याखाली तिरका धरून भिंगातून पाहिला, तर गालावरून मोकळ्या जागेपर्यंत एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा. कुणीतरी पावडर लावून घासला होता. असं नाणं ग्रेडिंगला गेलं की आकडा मिळत नाही, लेबलवर ‘डिटेल्स’ येतं आणि किंमत पडते. विक्रेत्याने परत घेतला नाही. स्लॅबचे जास्तीचे पैसे खरं तर हा मनस्ताप टाळण्याचे.

1919चा रुपया मात्र हौसेचा निघाला. ग्रेड 62. मोजपट्टी 70पर्यंत, त्यात 60पासून वरची नाणी न वापरलेली. पण हा रुपया बाजारात ढिगाने मिळतो. मी सुट्याच्या जवळजवळ तिप्पट मोजले आणि चार महिन्यांनी विकायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, “साहेब, डबीचे पैसे कोण देणार?”

शिवराईचं तर विचारूच नका. तांब्याच्या तुकड्यापेक्षा ठसा मोठा, म्हणून अक्षरं कडेला कापली जातात. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, यातलं किती उमटलंय यावर आपल्याकडे भाव ठरतो. ग्रेडचा आकडा मुख्यतः झीज सांगतो. माझ्या स्लॅबवर आकडा झकास आणि ‘पति’ गायब!

कुणी म्हणेल, सुटं घेऊन आपणच ग्रेड करून आणावं. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि स्लॅब आला म्हणून डोळे मिटू नका, स्लॅबचीही नक्कल होते. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथे फोटो असेल तर एखादा ओरखडा हातातल्या नाण्याशी जुळवून बघा. 1939च्या रुपयासारखं दुर्मिळ नाणं असेल, तर मी सुटं बघणारही नाही. 1938च्या आठाचा नऊ करणारे कारागीर आहेत.

तरी प्लॅस्टिक मला खटकतंच. किनार जेमतेम दिसते, वजन करता येत नाही. गेल्या रविवारी पुतण्याने विचारलं, “काका, हा वाजतो का?” म्हटलं बघू. पक्कडीने 1919च्या डबीचे कोपरे तोडले. काट्यावर 11.65 ग्रॅम. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टकटक केली, तर आवाज थांबेना. पोरगं दहा मिनिटं तेच करत बसलं.