ऑटोरन्स आठ महिने वापरलं, व्हायरस सापडला पण मशीन तरी पडतच होतं

आधीच सांगते, मी कॉम्प्युटर इंजिनियर वगैरे नाही. आणि ऑटोरन्स म्हणजे मशीन चालू होताना कोणकोणते प्रोग्राम आपोआप सुरू होतात त्याची यादी दाखवणारं टूल. कराडला तहसील कचेरीच्या समोरच्या बोळात आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, प्रतिज्ञापत्र, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स सगळं एकाच मशीनवर. गेल्या गणपतीत ऑर्डरी जोरात आणि नेमकं तेव्हाच मशीन मधेच काळं पडून आपोआप रिस्टार्ट व्हायला लागलं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मंडळाचा दहा बाय वीसचा फ्लेक्स उघडला की हमखास. साधं टायपिंग दिवसभर करा, काही होत नाही. मंडळाची पोरं काउंटरला टेकून "ताई झालं का" करतायत आणि स्क्रीनवर परत ते विंडोजचे ठिपके गोल फिरतायत, त्यात फाइल सेव्ह केलेली नसली की झालंच कल्याण.

दुरुस्तीवाल्या दादाकडं सगळ्या रोगांवर एकच औषध, फॉरमॅट. पाचशे रुपये. सी ड्राइव्ह पुसला, तीन दिवस बरं चाललं, चौथ्या दिवशी परत तेच. परत फॉरमॅट, परत पाचशे. तिसऱ्या वेळी म्हणाला ताई व्हायरस आहे, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावूच नका. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावू नका म्हणजे वडापावच्या गाडीवर तेल वापरू नका म्हणल्यासारखं झालं.

पण व्हायरस होता हे खरं. पेनड्राइव्ह लावला की आतले फोल्डर गायब आणि त्याच नावाचे बाणवाले शॉर्टकट. तो प्रकार दुकानदारांना माहीत असेल, खरे फोल्डर कुठं जात नाहीत, लपवलेले असतात, ॲट्रिब कमांड मारली की परत दिसतात. ते मी करायचे, पण पुढचा पेनड्राइव्ह लावला की परत तेच, म्हणजे मूळ आमच्याच मशीनमध्ये बसलेलं.

पुण्याला आयटीत असलेला भाचा म्हणाला, आत्या, ऑटोरन्स उतरवून घे. म्हणलं हा परत नवीन व्हायरस तर नाही ना. तर नाही, हे सिसइंटर्नल्सचं, म्हणजे विंडोजसाठी टूल बनवणाऱ्यांचं आहे, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी सुरू केलेलं काम, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनीच विकत घेतली, आणि हे टूल आजही मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतं. झिप उघडायची, राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं, इन्स्टॉल करायची भानगड नाही.

पहिल्यांदा उघडलं आणि लगेच बंद केलं! शेकडो ओळी, काही गुलाबी, काही पिवळ्या. मला वाटलं सगळं मशीनच सडलंय. नंतर कळलं की पिवळं म्हणजे एंट्री, यादीतली नोंद, आहे पण ती ज्या फाइलला बोलावते ती फाइलच नाही, अनइन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामचा उरलेला कचरा. आणि गुलाबी म्हणजे फाइलवर बनवणाऱ्याचं नाव नाही किंवा डिजिटल सही जुळत नाही. गुलाबी म्हणजे व्हायरस असं नाही, हे मी स्वतःच्या खर्चानं शिकले, ते पुढं येतंच.

टास्क मॅनेजरमध्ये पण स्टार्टअपची यादी असते, ती मी आधी रोज बघत होते आणि चोर माझ्या डोळ्यासमोर बसला होता. नाव काय तर मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट, पब्लिशर मायक्रोसॉफ्ट. आता यावर कोण शंका घेणार? पण ते प्रोग्रामचं नाव झालं, तो प्रोग्राम कुठली फाइल चालवतोय ते तिथं दिसत नाही. त्या यादीच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून कमांड लाइनचा रकाना चालू केला तर दिसतं. ऑटोरन्समध्ये त्या ओळीवर क्लिक केलं की खाली पूर्ण मजकूर येतो, आणि तिथं होतं, डब्ल्यूस्क्रिप्ट, म्हणजे तोच स्क्रिप्ट होस्ट, आणि पुढं ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरातली अगम्य नावाची व्हीबीएस फाइल, म्हणजे तो चालवत असलेली स्क्रिप्ट. म्हणजे रिक्षा मायक्रोसॉफ्टची, आत बसलेला माणूस भलताच.

त्या ओळीपुढची टिक काढली, म्हणजे ती आपोआप सुरू व्हायची बंद. एफ ५ दाबून यादी ताजी केली तर एंट्री परत हजर! परत काढली, परत आली. भाचा फोनवर हसतोय. कारण ती स्क्रिप्ट त्या क्षणी चालू होती आणि आपली एंट्री परत परत लिहीत होती. आधी टास्क मॅनेजरमधून तिचा जीव घ्यायचा, मग टिक काढायची, मग फाइल डिलीट, आणि स्टार्टअप फोल्डरमध्ये तिचीच दुसरी कॉपी होती ती पण. शिवाय डी ड्राइव्हवर बॅकअप म्हणून ठेवलेल्या पेनड्राइव्हच्या कॉप्यांमध्ये तेच शॉर्टकट सापडले. दादा सी पुसत होता आणि मी डीवरचा शॉर्टकट फोल्डर समजून उघडत होते, मग दोन फॉरमॅटचा काय उपयोग होणार.

मग मला जोर चढला. दिसेल त्या गुलाबी ओळीची टिक काढत सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी नोटरीचे वकील समोर बसलेले आणि मराठी टायपिंगच होईना, सगळं इंग्रजी उमटतंय. आमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, त्यावर सहीबिही काही नाही, ते गुलाबीत होतं आणि मी त्यालाच उडवलं होतं. नशीब टिक काढली की एंट्री नुसती झोपते, परत टिक केली की उठते. म्हणून डिलीटचं बटण मी अजूनही खात्री असल्याशिवाय दाबत नाही. व्हायरसटोटल, म्हणजे एकच फाइल बऱ्याच अँटिव्हायरसकडून तपासून देणारी साइट, तिचा रकाना पण चालू करता येतो, त्यात किती अँटिव्हायरसनी त्या फाइलला वाईट म्हणलंय ते दिसतं, सत्तरातल्या एकानं म्हणलं तर मी घाबरत नाही, तीस जणांनी म्हणलं तर घाबरते.

आता खरी गंमत. व्हायरस गेला, पेनड्राइव्ह स्वच्छ, मशीन चालू व्हायला वेळ कमी लागायला लागला, आणि दिवाळीचा फ्लेक्स उघडला तर मशीन धाडकन रिस्टार्ट. मी रडायचीच बाकी होते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनमध्ये काय काय झालं त्याच्या विंडोजच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळी कर्नल पॉवर ४१ असं लाल दिसायचं. त्यावरून मी यूपीएसची बॅटरी बदलून बसले. तर ४१ चा अर्थ इतकाच की मशीन नीट बंद न होता बंद झालं, का झालं ते तो सांगतच नाही, लाईट गेली तरी तोच नंबर. मग सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये आपोआप रिस्टार्टची टिक काढली, म्हणजे मशीन पडताना येणारा, कारण लिहिलेला निळा स्क्रीन निघून न जाता तिथंच थांबतो. त्यावर एकदा आलं मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट इन नॉन पेज्ड एरिया. भाचा म्हणाला आता ऑटोरन्स बाजूला ठेव, रॅम, म्हणजे मशीनची मेमरी तपास.

पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाकून रात्री दुकान बंद करताना लावून गेले. सकाळी शटर उघडलं तर स्क्रीनवर लाल लाल. रॅमच्या आठ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, एकेक काढून तपासली, एक साफ, एक नापास. दादाच्या पद्धतीनं खोडरबरनं पट्टीचे सोनेरी दात घासून पण बघितले, फरक नाही. तेव्हा लक्षात आलं की टायपिंगला पडत नव्हतं आणि फ्लेक्सलाच का पडत होतं, मोठी फाइल सगळी मेमरी व्यापते म्हणून खराब जागेपर्यंत पोचते. पट्टी वॉरंटीत होती, बदलून मिळायला दीड महिना लागला, तोवर एकाच पट्टीवर रडतरडत काम केलं. बदलल्यापासून आजतागायत एकदाही पडलं नाही.

म्हणजे ऑटोरन्सनं माझं मशीन पडणं बरं केलं का, नाही केलं. मशीन चालू होताना कोण कोण आत घुसतंय ते ते सांगतं, मशीन कोण पाडतंय ते नाही. मी दोन वेगळे आजार एकच समजून तीन महिने घालवले त्यात त्याची चूक नाही.

तरी मी ते ठेवलंय, आणि सगळ्यात जास्त वापरते ते तुलना करायचं. मशीन स्वच्छ असताना यादी सेव्ह करून ठेवली, आता दर रविवारी जुन्या यादीशी कम्पेअर करते, नवीन काही घुसलं असेल तर हिरवं दिसतं. पाच मिनिटांचं काम. तक्रारी पण आहेत. अक्षर बारीक, कुठल्या एंट्रीला हात लावू नये याचा इशारा मला तरी कुठं दिसला नाही, ड्रायव्हरच्या टॅबमध्ये चुकीची टिक काढली तर मशीन चालूच व्हायचं नाही, आणि नवख्या माणसाला एकट्यानं देऊ नये असं हे टूल आहे, मला भाचा होता म्हणून निभावलं. पाचपैकी चार देते.

गेल्या रविवारी एक हिरवी ओळ आली, पोटात गोळाच आला. बघितलं तर नवीन प्रिंटरचं अपडेटर. टिक काढली, प्रिंटर मजेत चालतोय.