पाच नंबरी फ्लाय रॉड: एक हंगाम वापरल्यानंतर

नऊ फुटी, चार तुकड्यांचा, कार्बन फायबरचा, अंगावर पाच नंबर छापलेला मासे गरवायचा रॉड. हा नंबर म्हणजे तो किती वजनाच्या लाइनसाठी आहे ते. 'फास्ट', म्हणजे ताठ, म्हणून विकतात. मार्चपासून न्यू जर्सीत वापरतोय, जास्त करून रॅरिटन नदीच्या दक्षिण फाट्यावर, केन लॉकवुड गॉर्जमध्ये, ट्राउटसाठी. रॉड चांगला आहे, पण छापलेल्या नंबरवर जाऊ नका.

कोकणात गरवलेल्यांसाठी आधी थोडा खुलासा. आपल्याकडे शिसं उडतं आणि दोरी त्याच्यामागून जाते. इथे फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळलेला एवढासा हूक, त्याला वजनच नाही. वजन असतं लाइनला, आणि फेकायची तीच. पाच नंबरी लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं प्रमाणित वजन 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम. गॉर्जमध्ये झाडं डोक्यावर आलेली. टोकाबाहेर 15-20 फूट लाइन निघाली तरी डोह गाठता येतो. एवढ्याशा वजनाला हा रॉड दादच देत नाही.

शंका आली म्हणून नाण्यांची चाचणी केली. रॉड टेबलाला आडवा आवळायचा, टोकाला प्लास्टिकची पिशवी अडकवायची आणि टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे तीन फूट, खाली येईपर्यंत तिच्यात एक-एक सेंटची नाणी टाकत राहायचं. 1983 पासूनचं नाणं अडीच ग्रॅमचं, त्यामुळे हिशोब सोपा. नाण्यांच्या वजनावरून रॉडचा नंबर सांगणाऱ्या तक्त्यात पाहिलं तर माझा 'पाच' सहाच्या घरात निघाला.

आता 'लोडिंग'बद्दल, कारण या रॉडच्या जाहिरातीत तेच उगाळलंय. रॉड वाकतो, शक्ती साठवतो आणि बाणासारखी लाइन सोडतो, असं चित्र उभं करतात. ते अर्धवट आहे. लाइनचा बराचसा वेग रॉड तरफेसारखा फिरवल्यामुळेच मिळतो; वाकाची परतफेड त्यात भर घालते. शिकवणारी मंडळी झाडूच्या दांड्यानेही लाइन टाकून दाखवतात! वाकाचं खरं मोल वेगळं आहे. ताठ दांडा फिरवला की टोक कमानीत जातं आणि लूप, म्हणजे हवेत उलगडणाऱ्या लाइनचा वळसा, रुंद उघडतो. रॉड वाकला की तो तेवढा आखूड होतो आणि टोक जवळजवळ सरळ रेषेत धावतं. मग हात थांबला की वळशातला लाइनचा वरचा धागा खालच्या धाग्याला समांतर उलगडत जाणारा, जेमतेम दोन फुटांचा लूप दिसतो.

म्हणून 'लोड होत नाही' म्हणणाऱ्याला 'जोर लाव' हा सल्ला मला पटत नाही. सुरुवातीलाच हिसका दिला तर टोक आधी खाली बुडतं, मग वर उसळतं. वरचा धागा खालच्याला ओलांडतो आणि लीडरला, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक दोरीला, गाठ बसते. लोक त्याला वाऱ्याची गाठ म्हणतात, वारा बिचारा फुकट बदनाम! वेग हळूहळू वाढवत न्यायचा आणि शेवटी झटकन थांबायचं. मागच्या कास्टला मान वळवून लाइन सरळ होताना पाहायची, मगच पुढे यायचं. लाइन लांब असेल तर थांबायचंही जास्त आणि हातही लांब फिरवायचा.

गॉर्जसाठी मी सहा नंबरी लाइन चढवली. पहिले 30 फूट 160 ग्रेन, म्हणजे सव्वाएक ग्रॅमच जास्त, पण जवळच्या कास्टला हाताला लाइन जाणवायला लागली. राउंड व्हॅलीच्या जलाशयावर मात्र पाचच परत लावतो. तिथे 50 फूट लाइन बाहेर असते, वारा असतो आणि हाच ताठपणा कामाला येतो.

बाकी किरकोळ. हँडलच्या कॉर्कमधला भराव निघून खड्डे पडलेत. मधला जोड दुपारपर्यंत सैल होतो; मेण चोळलं की पकडतो, तरी मधूनमधून चाचपत जा. पहिलाच रॉड घेत असाल आणि ओढ्यावरच जाणार असाल तर याच्यापेक्षा मऊ, चार नंबरी घ्या. मोठ्या पाण्यावर जाणाऱ्यांनी हा खुशाल घ्यावा.