सेक्शन ८ कंपनी की शेतकरी उत्पादक कंपनी, काय रजिस्टर करावं?

गावासाठी काहीतरी करायचंय म्हणून नोकरी सोडायला निघालेली बरीच पोरं भेटतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात. माझं म्हणणं, आधी पैसा कुठून येणार ते ठरवा, मग कंपनीचा प्रकार.

पैसा देणगी किंवा सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकामाच्या निधीतून) येणार असेल तर सेक्शन ८, म्हणजे समाजकामासाठीची कंपनी. आयकर विभागाची करमाफीची आणि देणगीदाराला सवलत देणारी नोंदणी (१२ए, ८०जी म्हणतात ती) करून घ्या, त्याशिवाय सीएसआरचं काम मिळत नाही. नफा वाटता येत नाही, तो कामातच घालायचा. शाळा, आरोग्य, पाणी अशा कामांना हेच बरं, पण प्रोजेक्ट संपला की पुढच्या महिन्याचा पगार कुठून हा प्रश्न उभा राहतोच.

उत्पादक कंपनी म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली, त्यांच्याच मालकीची कंपनी. तिला किमान १० उत्पादक आणि ५ संचालक लागतात, शेअर कितीही असोत, साधारणपणे एका सभासदाला एकच मत. आणि हे खूप जणांना माहीतच नसतं की पूर्णवेळ सीईओ सभासदांमधला चालत नाही, म्हणजे तुम्ही स्वतः शेतकरी सभासद झालात तर ती खुर्ची तुमची नाही!

मी एका कंपनीच्या सोयाबीन खरेदीला दोन हंगाम उभी होते. मॉइश्चर मीटरवर ओलावा जास्त, म्हणजे १४ टक्के आला की आम्ही कारण सांगून कपात करायचो, हिशोब चोख, तरी लोक व्यापाऱ्याकडे जायचे कारण तो रोख द्यायचा आणि आमचे पैसे आठवड्याने. सभासदांचा विश्वास होता हो, खेळतं भांडवल नव्हतं.

असा सामाजिक उद्योग सुरू करायची इच्छा कुठून येते यावर २००६ मध्ये मैर आणि नोबोआ या अभ्यासकांनी मांडणी केली, त्यात सहानुभूती होती, नैतिक जाणीव होती, आपल्याला जमेल हा भरवसा आणि लोकांची साथ पण होती. २०१७ मध्ये हॉकर्ट्स या संशोधकाने त्यात प्रत्यक्ष अनुभव जोडला आणि सगळ्यात जास्त वजन भरवशाचं निघालं, आणि तो अनुभवाने वाढतो. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांचं बघा ना, अंगठेबहाद्दर म्हणून बँकेचं लायसन्स नाकारलं गेलं, मग त्या लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पण इच्छा असली म्हणजे धंदा चालतोच असं नाही, तो रोखीवर चालतो. शेतमालाचं काम असेल तर मी उत्पादक कंपनीच म्हणेन, फक्त पहिल्या खरेदीचे पैसे कुठून आणणार आणि पाच संचालक कोण हे कागदावर येईपर्यंत सीएकडे जाऊ नका.