रिव्ह्यू बाटलीचे, विकला मिक्सर

ऑनलाइन घेतलेल्या मिक्सरमध्ये आमची २,४९९ रुपयांना फसवणूक झाली. पैसे नंतर परत मिळाले. तरीही हे लिहितेय, कारण फसवायची ही तऱ्हा मिक्सरपुरती नाही. कुकर, इस्त्री, अगदी कादंबरीसुद्धा अशीच गळ्यात मारली जाते, आणि त्यासाठी आपल्यासारख्याच गिऱ्हाइकांनी लिहिलेले रिव्ह्यू वापरले जातात.

वर्षाची चटणी आम्ही उन्हाळ्यात डंकावरून, म्हणजे मिरची-मसाला कांडायच्या गिरणीतून करून आणतो. पण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं वाटण घरीच होतं. सुकं खोबरं, तीळ, खसखस, भाजलेला कांदा असं घट्ट वाटण असलं की मोटारीचा कस लागतो. म्हणून घेताना मी रंग-डिझाइन बघितलं नाही, वॅट आणि वायंडिंग, म्हणजे मोटारीतले तारेचे वेढे कशाचे आहेत ते बघितलं. पेजवर ठळक लिहिलं होतं, ‘७५० वॅट, शंभर टक्के कॉपर मोटार’. खाली साडेचार तारे आणि हजारो रिव्ह्यू. वरचे पाच-सहा वाचले, सगळे खूश. ऑर्डर केली.

शेंगदाण्याचं कूट, ओली चटणी असली हलकी कामं त्यानं केली. मग एका रविवारी पाहुणे जेवायला होते आणि वाटण निम्म्यावर असतानाच जळका वास यायला लागला. मिक्सर बंद पडला. खालचं लाल बटण दाबलं की घटकाभर चालायचा, परत बंद. शेवटी धूरच आला. विक्रेत्याचं म्हणणं, परत करायची मुदत संपली. वॉरंटी कार्डावरचा नंबर लागत नव्हता, आणि कोल्हापुरात त्यांचं सर्व्हिस सेंटर नव्हतंच.

आपल्याकडे शेतीपंपांमुळे मोटार वायंडिंगचे जाणते कारागीर मिळतात. लक्ष्मीपुरीतल्या एका ओळखीच्या दुकानात मिक्सर नेला. त्यांनी मोटार उघडून कॉइल दाखवली. वरवर बघता तांब्याचीच वाटत होती, तशी लालसर चमक होती. मग त्यांनी जळालेल्या भागाच्या बाजूची एक तार पकडीनं ओढून काढली आणि ब्लेडनं हळूच खरवडली. लालसर वार्निश निघालं आणि आतून पांढरीफेक तार दिसली. बोटांत दोनदा वाकवली तशी कट्‌कन तुटली.

‘‘वहिनी, ह्यात तांबं न्हाईच. अ‍ॅल्युमिनियम हाय सगळं. तांब्याचा रंग दिलाय नुसता.’’

अ‍ॅल्युमिनियमचं वायंडिंग म्हणजे गुन्हा, असं ते म्हणाले नाहीत आणि मीही म्हणत नाही. पण अ‍ॅल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्केच असते. त्यामुळे तार तेवढीच बारीक ठेवली तर ती जास्त तापते. जाड तार वापरून, तसं स्पष्ट सांगून कमी किमतीत विकलं तर माझी काही तक्रार नाही. इथं तांब्याचे पैसे घेऊन दुसरंच दिलं होतं.

मला छळत होती ती वेगळीच गोष्ट. एवढ्या लोकांना हा मिक्सर चांगला कसा वाटला? घरी येऊन ते पेज परत उघडलं आणि रिव्ह्यू ‘सर्वांत नवे आधी’ असे लावून खालपर्यंत वाचत गेले. वरचे रिव्ह्यू मिक्सरचे होते, पण बरेचसे एकाच आठवड्यातले आणि जवळपास त्याच शब्दांत लिहिलेले. वर्षभरापूर्वीच्या रिव्ह्यूंपर्यंत पोचले तेव्हा सगळा उलगडा झाला. ‘पाणी बारा तास गार राहतं.’ ‘झाकण घट्ट बसतं, दप्तरात सांडत नाही.’ एका बाईंनी मुलाच्या शाळेच्या बाटलीचा फोटोही टाकला होता.

म्हणजे ते पेज मुळात पाण्याच्या बाटलीचं. बाटली खरोखर चांगली असणार, लोकांनी मनापासून तारे दिले. नंतर त्याच पेजवरचं नाव आणि फोटो बदलून तिथं मिक्सर चढवला. तारे आणि रिव्ह्यूंचा आकडा जसाच्या तसा राहिला. कधी दुसऱ्याच वस्तूला ‘याच वस्तूचा वेगळा रंग, वेगळा साइज’ म्हणून जुन्या पेजला जोडतात, तेव्हाही हेच होतं. त्या बाईंनी बाटलीबद्दल खरं तेच लिहिलं होतं, आणि त्यांच्या खरेपणावर मला मिक्सर विकला गेला. याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आला.

पुस्तकांत हे आणखी सोपं आहे. माझे सासरे करवीर नगर वाचन मंदिराचे जुने सभासद, १८५० पासून चालत आलेलं वाचनालय ते. त्यांना हवी असलेली एक मराठी कादंबरी माझ्या दिरांनी ऑनलाइन निम्म्या किमतीत मागवली. रिव्ह्यू एकाहून एक सुंदर! आलं ते पायरेटेड पुस्तक. करडा, पातळ कागद, मुखपृष्ठ स्कॅन केल्यासारखं पुसट, ओळी तिरप्या, आणि एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा एक जुडगा, दुसऱ्याच्या जागी दोनदा बांधल्यामुळे मधली सोळा पानं गायब. रिव्ह्यू मात्र खोटे नव्हते. वाचकांनी कथेचं, लेखकाचं कौतुक केलं होतं. पण एकाच पेजवर अनेक विक्रेते तेच पुस्तक विकतात आणि रिव्ह्यू सगळ्यांचे एकत्र दिसतात. आपल्या हातात येणारी प्रत कोणाकडून येतेय, हे त्या ताऱ्यांवरून कळत नाही. सासऱ्यांनी ते पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. लेखकाला एक पैसा न मिळता छापलेलं पुस्तक त्यांना वाचवेना. आता आम्ही पुस्तकं दुकानातून किंवा थेट प्रकाशकाकडून घेतो.

आता मी काही घेताना आधी सगळ्यांत जुने रिव्ह्यू बघते. तिथं दुसऱ्याच वस्तूचं नाव दिसलं तर पेज बंद. मग दोन आणि तीन तारेवाले वाचते, कारण तिथं लोक काय चांगलं, काय वाईट ते तपशिलात लिहितात. विक्रेत्याचं नाव-पत्ता बघते. कुकर असेल तर आयएसआय चिन्ह बघतेच. घरगुती प्रेशर कुकरला ते सक्तीचं आहे, आणि चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो.

तक्रारीचं सांगते. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार विक्रेत्यानं स्वतःच ग्राहक बनून रिव्ह्यू टाकायला बंदी आहे. जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला त्याला नकार देता येत नाही. वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. मी त्या अधिकाऱ्याला ईमेल केला. सोबत खरवडलेल्या तारेचा फोटो, वायंडिंगवाल्यांचा लेखी अभिप्राय आणि बाटलीच्या रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट जोडले. शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतरच हालचाल झाली आणि पैसे खात्यात आले. आले नसते तर इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात गेले असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथं दावा लावता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आणलं ते ऐच्छिक म्हणून. मला विचाराल तर ते सक्तीचंच हवं.

आणि एक. राजारामपुरीतल्या माझ्या जाऊबाईंना एका हँड ब्लेंडरच्या खोक्यात कार्ड मिळालं. पाच तारे द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा, २०० रुपये मिळवा. वस्तू एकदा वापरायच्या आतच तारे मागायचे, असा तो प्रकार. त्यांनी तारे दिले नाहीत, कार्डाचा फोटो काढून वेबसाइटला पाठवला. तुमच्याही खोक्यात असं कार्ड निघालं तर फाडून टाकू नका. त्यावर विक्रेत्याचा नंबर असतो, आणि तारे विकत घेतल्याचा त्याहून सरळ पुरावा आपल्या हाती दुसरा येत नाही.