नऊ महिने, २८ लिटरचा ओटीजी आणि आमचे चमत्कारिक केक

डिसेंबरात ओटीजी (ओव्हन, टोस्टर, ग्रिल एकत्र असलेली विजेची छोटी भट्टी) घरी आला तेव्हाच अनुभव लिहायला बसले होते, पण चार व्हॅनिला केक करून कुणाला शिफारस करण्यात अर्थ नाही म्हणून थांबले. आता सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात या भट्टीत तीळ, पुरण, फणस, कोकम, हळदीची पानं, एवढंच काय मेतकूटसुद्धा जाऊन आलंय. आता बोलायला हरकत नाही.

आधी यंत्राचं. २८ लिटर, १५०० वॅट, वर-खाली सळ्या, आत हवा फिरवणारा पंखा. डोंबिवलीतल्या आमच्या ओट्यावर मिक्सर सरकवून जेमतेम जागा झाली. पहिला धडा प्लगचा. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, तेव्हा साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका. फ्रीज-गीझरचा जाडा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. आमच्याकडे तो ओट्यापासून लांब निघाला आणि इलेक्ट्रिशियनचा खर्च वर पडला. विजेचं म्हणाल तर दहा मिनिटं तापवणं आणि चाळीस मिनिटं भाजणं धरून एका केकला सव्वा युनिटच्या वर जात नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मीटरकडे बोट दाखवलं होतं, म्हणून हा हिशेब पाठ आहे.

पहिल्यांदा रिकामाच वीस मिनिटं चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. नव्या सळ्यांचा जळका वास येतो, तो केकला लागता कामा नये.

आता तक्रार. याचा तापमानाचा खटका खोटं बोलतो. १८०वर ठेवलं की आत दोनशेच्या पुढे. पहिले तीन केक वरून काळे, आतून गिच्च. मी आपली मैद्याला, दह्याला, नशिबाला दोष देत बसले. मग आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला, तेव्हा उलगडा झाला. कंपनीचा माणूस आला, दार उघडून आत डोकावला आणि "असंच असतं ताई" म्हणून चहा पिऊन गेला. तेव्हापासून मी खटका १६०वर ठेवते आणि थर्मामीटरवर विश्वास ठेवते. ओटीजी कुठल्याही कंपनीचा घ्या, थर्मामीटर त्याच दिवशी घ्या. सोबत आलेली काळी ट्रेही माळ्यावर टाका. काळा रंग उष्णता जास्त ओढतो, त्यामुळे केकचा तळ करपतो. ॲल्युमिनियमचा साधा सात इंची डबा उत्तम.

एवढं जमलं की खरी मजा सुरू. बाजारातले "रसमलाई केक", "पान केक" मला कधीच पटले नाहीत. बाटलीतल्या इसेन्सचे चार थेंब आणि वर हिरवा रंग. वेगळी चव हवी तर फडताळातला जिन्नसच पिठात घालावा आणि आचेवर तो काय करतो ते बघावं. कधी तोंडावर आपटतो, पण तोच तर खेळ आहे.

घरात सगळ्यात जास्त मागणी जायफळ-कॉफी केकला. आपल्याकडे कॉफीत जायफळ असतंच, मग केकने काय घोडं मारलंय? दीडशे ग्रॅम मैद्याला दोन मोठे चमचे इन्स्टंट कॉफी गरम दुधात विरघळवून घालायची आणि पाव चमचा जायफळ ऐनवेळी किसून. आयती पूड नको. अर्ध्या चमच्याच्या वर गेलात तर केक कडू होतो. मी गेले होते.

जानेवारीत तीळगुळाचा केक केला. तीळ भाजून भरड कुटलेले, साखरेऐवजी गूळ. गुळाचा केक साखरेच्या केकपेक्षा लवकर लाल होतो, म्हणून अर्ध्या वेळानंतर वर फॉइल टाकावी लागते. गुळात थोडा आंबटपणा असतो, त्यावर सोडा फुलतो. तरी मी दोन चमचे दही घालतेच. होळीनंतर उरलेलं पुरण गोळे करून पिठात सोडलं, तर सगळे गोळे तळाला जाऊन बसले. कापल्यावर खाली पुरणाचा थर, वर केक. पाहुण्यांना सांगितलं, दोन थरांचा आहे.

मेतकुटाचा केक गोड नव्हे, तिखटमिठाचा. दही, लोणी, मेतकूट, थोडी कणीक. मुलीने एक घास घेऊन ताटली सरकवली. सासऱ्यांनी मात्र चहाबरोबर तीन तुकडे खाल्ले आणि परत कधी करणार विचारलं. निकाल राखून ठेवलाय.

कोकमाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. मे महिन्यात कुडाळहून आईने आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि अमृत कोकम (कोकमाचा साखरेतला पाक) अशा बाटल्या पाठवल्या. आधी आगळ घातलं. ते मिठातलं असतं हे मालवणी घरात वाढलेल्या बाईने विसरावं? खारट केक कामवाल्या मावशींनीही नको म्हटला. दुसऱ्यांदा अमृत कोकम घातलं, चव बरी, पण केक कापला तर आत रंग राखाडी, ओल्या सिमेंटसारखा. कारण नंतर कळलं. कोकमाचा लाल रंग आंबटपणात लाल राहतो; सोड्याचा क्षार भेटला की निळा-राखाडी पडतो. जांभळाचंही तेच. मग तिसऱ्यांदा पिठात कोकम घातलंच नाही. साधा नारळाचा केक भाजला, गरम असतानाच सुईने भोकं पाडून वर अमृत कोकम ओतलं आणि निवल्यावर पिठीसाखरेत थोडं अमृत कोकम फेटून जाडसर लेप दिला. काय सुंदर गुलाबी! खाण्याचा रंग न वापरता. त्यात चिमूटभर जिरेपूड घातली की सोलकढीची आठवण होते, पण ती माझी आवड, सगळ्यांना झेपेल असं नाही.

फणस मऊ, रसाळ गऱ्यांचा बरकाच घ्या. काप्याचे कडक गरे खायला छान, पण केकला रस हवा, तोच सांदणांसाठी काढतो तो. एक वाटी रस घातला तर दूध निम्म्याहून कमी करा, नाहीतर मधे ओलाच राहतो. वास मात्र मजल्यावर पसरतो. शेजारच्या काकू बेल वाजवून "आज काय?" विचारून गेल्या.

श्रावणात बाजारात हळदीची पानं आली तेव्हा डब्याला तूप लावून तळाशी पान अंथरलं आणि वर नारळाच्या दुधातलं तांदूळ-रव्याचं पीठ ओतलं. पातोळ्यांचा तो वास केकला तळापासून लागतो. पान डब्याबाहेर डोकावू देऊ नका, कडा जळतात.

आणि गेल्या आठवड्यात धोंडस, म्हणजे कोकणातला काकडीचा गोड पदार्थ. खरं तर हा केकच, फक्त आपण त्याला कधी केक म्हटलं नाही. दोन वाट्या तांदळाचा जाड रवा कोरडा भाजून, दोन वाट्या किसलेलं तवसं (मोठी काकडी), त्याचंच सुटलेलं पाणी, दीड वाटी गूळ, वाटीभर ओलं खोबरं, वेलची, काजू. आजी चुलीवर पातेलं ठेवून झाकणावर निखारे पसरायची, खाली आच, वर आच. ओटीजीच्या दोन सळ्या म्हणजे तेच की! पन्नास मिनिटांनी वरून छान खरपूस पापुद्रा आला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती आधी गप्पच. मग म्हणाली, "निखारे नसताना वरसून लाल कसा झाला गो ता?" मी सळ्या दाखवल्या. तिला फारसं पटलेलं दिसलं नाही.

वैतागाच्या चार गोष्टी राहिल्या. टायमरचा खटका टिकटिकतो, पण अर्ध्या तासाला दोन-तीन मिनिटं खातो. मी मोबाइलवर वेळ लावते. दाराची काच बाहेरून चांगलीच तापते, घरात रांगतं मूल असेल तर ओट्यावर आतल्या बाजूलाच ठेवा. गुळाचा पाक खालच्या सळीवर सांडला तर धूर आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या, दोन्ही होतं. जुलैत एकदा केक पंचविसाव्या मिनिटाला असताना वीज गेली, मधे खड्डा पडला. तो चुरून दुधात खाल्ला, वाईट नव्हता.

परत घेईन का? हो, पण याच कंपनीचा नाही. महिन्यात एखादाच केक होत असेल तर कुकरमध्ये मीठ घालून भाजणं पुरे आहे, उगाच ओटा अडवू नका. आमच्याकडे मात्र दर रविवारी होतो. फ्रीजरमध्ये फणसाच्या रसाचा एक डबा अजून शिल्लक आहे, दिवाळीसाठी राखलेला. सासरे काल दोनदा तो उघडून बघताना दिसले.