ओबीएस स्टुडिओ : हौशी प्रक्षेपकांसाठी एक परीक्षण

मुंबईतल्या एखाद्या वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला असो, उपनगरातल्या गायनवर्गाची गुरुपौर्णिमा असो किंवा गृहनिर्माण संस्थेच्या गणपतीची आरती असो, कार्यक्रमाची रूपरेषा ठरवायला बसलेल्या मंडळींत आता ‘यूट्यूबवर लाईव्ह करायचे ना?’ हा प्रश्न निघतोच. मागणी खोटी नाही. विरार किंवा डोंबिवलीला राहायला गेलेल्या ज्येष्ठ सभासदांना संध्याकाळच्या गर्दीत दादर-गिरगावपर्यंत येणे झेपत नाही, आणि परदेशी असलेल्या मुलांनाही आपल्या आईचे गाणे त्याच वेळी ऐकायचे असते. व्यावसायिक चित्रीकरण संचाचा खर्च बहुतेक लहान संस्थांना परवडत नाही. त्यामुळे ‘तुला कॉम्प्युटरमधले कळते’ एवढ्या भांडवलावर हे काम एखाद्या तरुण कार्यकर्त्याच्या गळ्यात पडते. कॅमेरा, स्लाइड्स आणि आवाज लॅपटॉपवर एकत्र करून ते यूट्यूबसारख्या ठिकाणी थेट पाठवणारे ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर त्या कार्यकर्त्याने वापरावे की नाही, एवढ्यापुरते हे परीक्षण आहे.

ह्यू ‘जिम’ बेली यांनी सुरू केलेल्या या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती 1 सप्टेंबर 2012 रोजी आली. ते पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता आणि सुधारता येतो असे) असून विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. मोफत म्हणून चित्राच्या कोपऱ्यात कोणाचे बोधचिन्ह उमटत नाही, ठरावीक मिनिटांनंतर प्रक्षेपण तुटत नाही, आणि ‘ही सोय हवी असल्यास वरची योजना घ्या’ अशी पाटीही समोर येत नाही. मात्र 2022 मधील 28व्या आवृत्तीपासून विंडोज 7 आणि 8 यांचा, तसेच 32-बिट संगणकांचा आधार काढून घेण्यात आला आहे. संस्थेच्या कार्यालयात पावत्या करण्यासाठी ठेवलेला जुना संगणक या कामाला येईल असे कोणी गृहीत धरू नये.

पहिल्यांदा उघडल्यावर हे सॉफ्टवेअर घाबरवते, हे मान्य केले पाहिजे. समोर मोठा काळा चौकोन दिसतो आणि खाली ‘सीन्स’, ‘सोर्सेस’, ‘ऑडिओ मिक्सर’ अशा खिडक्या असतात. पुढे काय करायचे ते कोणी सांगत नाही. सीन म्हणजे प्रेक्षकाला एका वेळी दिसणारे संपूर्ण चित्र, आणि सोर्स म्हणजे त्या चित्रातला एकेक घटक : कॅमेरा, लॅपटॉपवरच्या स्लाइड्स, संस्थेचे बोधचिन्ह, वक्त्याच्या नावाची पट्टी. व्याख्यानासाठी चार सीन पुरतात. सुरुवातीची पाटी, वक्ता, वक्ता अधिक स्लाइड्स, आणि मध्यंतर. ‘स्टुडिओ मोड’ सुरू केला की पडदा दोन भागांत विभागला जातो. पुढचा देखावा विंगेत लावून ठेवावा तसा पुढचा सीन डावीकडे तयार करता येतो, आणि तो उजवीकडे पाठवीपर्यंत प्रेक्षकांना त्याची चाहूलही लागत नाही. नवख्या माणसाच्या अर्ध्या चुका या एका सोयीने झाकल्या जातात, तरीही ती मुळात बंद ठेवलेली असते, हे मला पटत नाही.

या सॉफ्टवेअरचा खरा कस लागतो तो आवाजात. चित्र थोडे धूसर असले तरी प्रेक्षक थांबतो, पण वक्त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा असेल तर तो उठून जातो. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी आवाजाची सोय पाहावी. सभागृहात ध्वनिव्यवस्था असतेच. तिच्या मिक्सरमधून एक लाइन आउट, म्हणजे आवाज बाहेर काढणारी जोडणी, घेऊन साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमार्फत (आवाज संगणकात घेणाऱ्या छोट्या पेटीमार्फत) ती लॅपटॉपमध्ये आणावी आणि लॅपटॉपचा स्वतःचा माईक ओबीएसमध्ये बंद करावा. दोन्ही चालू राहिल्यास तोच आवाज क्षणभराच्या अंतराने दोनदा ऐकू येतो. ओबीएसच्या ध्वनिमापकात हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. उणे 20 ते उणे 9 डेसिबल हा पिवळा पट्टा. बोलण्याचा आवाज साधारण तिथे खेळत राहिला पाहिजे आणि लाल पट्ट्याच्या टोकाला कधीच टेकता कामा नये. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाशी कार्यक्रमापूर्वी नीट बोलून घेणे हे कोणत्याही सेटिंगपेक्षा महत्त्वाचे आहे, कारण ऐन वेळी त्याने सभागृहासाठी आवाज चढवला की आपल्याकडचाही चढतो.

येथे गाण्याच्या कार्यक्रमांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. ओबीएसमध्ये गोंगाट कमी करण्याचा एक फिल्टर आहे आणि त्यातला आरएनएनॉइज हा पर्याय बोलण्यासाठी उत्तम आहे. पंख्याची घरघर आणि वातानुकूलन यंत्राचा आवाज तो सफाईने काढतो. पण माणसाच्या बोलण्याखेरीज जे काही सातत्याने वाजते ते त्याच्या लेखी गोंगाटच असते, आणि तानपुरा तर सातत्यानेच वाजत असतो. परिणामी गायिका थांबली की तानपुरा नाहीसा होतो, ती गाऊ लागली की तो पुन्हा अर्धवट उमटतो, आणि तबल्याची आस मधेच तुटते. इंटरनेटवरचे बहुतेक मार्गदर्शन खेळ खेळत बोलणाऱ्या तरुणांनी तयार केलेले असल्यामुळे हा फिल्टर लावण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. मैफलीच्या प्रक्षेपणात तो निश्चयाने बंद ठेवावा. पंख्याचा आवाज येत असेल तर पंखा बंद करावा, किंवा माईक गायिकेच्या जवळ न्यावा.

मराठी प्रक्षेपकाला अडणारी दुसरी बाब म्हणजे देवनागरी अक्षरे. विंडोजवर ओबीएसचा मजकूर-सोर्स यंत्रणेच्या स्वतःच्या अक्षरजुळणीवर चालतो, त्यामुळे वक्त्याचे नाव, जोडाक्षरांसह, सरळ टंकित करता येते. मॅक आणि लिनक्सवर मात्र फ्रीटाइप 2 हा मजकूर-सोर्स वाट्याला येतो, आणि तो एकेक चिन्ह सुटे मांडतो. मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरे फुटतात आणि ‘अध्यक्ष’ हा शब्द हलन्त चिन्हांसह सुटा पसरतो. यावर उपाय दोन. नावाची पट्टी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्राच्या रूपात करून आणावी, किंवा ‘ब्राउझर’ हा सोर्स वापरावा. तो क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या मुळाशी असलेल्या यंत्रणेवर, आधारलेला असल्यामुळे मराठी अचूक दाखवतो. अक्षरांसाठी मुंबईच्याच एक टाइप या गटाने केलेला ‘मुक्त’ हा मोफत फाँट लहान पडद्यावरही स्वच्छ वाचता येतो. इतक्या वर्षांनंतर आणि इतक्या कार्यकर्त्यांच्या हातभारानंतर ही उणीव राहावी, हे या सॉफ्टवेअरच्या गुणपत्रकातले ठळक उणे आहे.

इंटरनेटच्या बाबतीत लोक डाउनलोडचा वेग पाहून निश्चिंत होतात; येथे प्रश्न अपलोडचा असतो. यूट्यूब 720p, सेकंदाला 30 फ्रेम या चित्रासाठी सुमारे 4 एमबीपीएस (4,000 केबीपीएस) बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायच्या माहितीचे प्रमाण, सुचवते. अपलोडचा मोजलेला वेग याच्या किमान दुप्पट असेल तरच हा आकडा धरावा, अन्यथा 2,500 केबीपीएसवर उतरावे. व्याख्यानात चित्र फारसे हलत नसल्यामुळे तेवढ्यात भागते. या बिटरेटने तासाला जवळपास 1.2 जीबी डेटा खर्च होतो, हे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून राहणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरावे. कीफ्रेमचे, म्हणजे अधूनमधून पाठवल्या जाणाऱ्या संपूर्ण चित्राचे, अंतर 2 सेकंद ठेवावे. सभागृह भरल्यावर दोन-तीनशे मोबाईल एकाच टॉवरवर येतात आणि दुपारी रिकाम्या सभागृहात मोजलेला वेग संध्याकाळी उरत नाही. त्यामुळे शक्य असेल तर कार्यालयातल्या राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅन केबल ओढावी आणि राउटरला छोटा यूपीएस जोडावा.

याच ठिकाणी ओबीएसचा जो गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दिसतो. प्रक्षेपण अडखळू लागले की बहुतेक सोपी साधने एक गोल फिरते चक्र दाखवून गप्प बसतात. ओबीएसची ‘स्टॅट्स’ ही खिडकी मात्र बिघाड कोठे आहे ते वेगळे करून सांगते. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम वेगळ्या, चित्र रचताना राहून गेलेल्या वेगळ्या आणि एन्कोडरला (चित्र आकसून पाठवण्याजोगे करणाऱ्या भागाला) न झेपलेल्या वेगळ्या. पहिला आकडा वाढत असेल तर दोष इंटरनेटचा, आणि बिटरेट कमी करणे हा उपाय. तिसरा वाढत असेल तर दोष लॅपटॉपचा, आणि तेथे बिटरेटला हात लावून काहीच साधत नाही. अशा वेळी प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स264 या एन्कोडरऐवजी इंटेलचा क्विकसिंक किंवा एनव्हिडियाचा एनव्हेंक निवडला की प्रोसेसरवरचा भार उतरतो. मे महिन्यातल्या मुंबईत, वातानुकूलन नसलेल्या सभागृहात, तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो आणि तासाभराने हा तिसरा आकडा हलू लागतो. बंद पेटीसारखे साधन वापरणारा मनुष्य तेव्हा इंटरनेट कंपनीला फोन लावीत बसतो. पहिल्या भेटीत घाबरवणारा जो उघडेपणा, तोच पुढे उपयोगी पडतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. लॅमिंग्टन रोडवर एचडीएमआयचे यूएसबी कॅप्चर कार्ड सहज मिळते, आणि कॅमेऱ्यातून पडद्यावरच्या खुणांविना स्वच्छ एचडीएमआय चित्र निघत असेल तर कोणाचाही घरातला कॅमेरा चालतो. वेबकॅम वापरायचा असल्यास त्याच्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता 50 हर्ट्झ करावी. ती 60 राहिल्यास जुन्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात.

यूट्यूबच्या बाजूचे नियम ओबीएसच्या हातात नाहीत, पण नवख्याची गाडी पहिल्यांदा तेथेच अडते. नव्या चॅनेलवर लाईव्हची सोय मागितल्यापासून ती सुरू होण्यास 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चॅनेल उघडणे निरर्थक आहे. यूट्यूबच्या अ‍ॅपमधून थेट मोबाईलवरून प्रक्षेपण करायचे तर किमान 50 सदस्य लागतात. ओबीएसमधून करताना ही अट आड येत नाही, आणि लहान संस्थांनी ओबीएसकडे वळण्याचे हेही एक व्यावहारिक कारण आहे. रंगीत तालीम ‘प्रायव्हेट’ किंवा ‘अनलिस्टेड’ ठेवून करावी. स्ट्रीम की, म्हणजे ओबीएसला यूट्यूबशी जोडण्यासाठी टाकायचा गुप्त संकेत, ही त्या चॅनेलची किल्लीच असल्यामुळे तिचे छायाचित्र कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. ओबीएसमध्ये यूट्यूब खाते थेट जोडले तर ती हाताळावीच लागत नाही. मध्यंतरात ध्वनिव्यवस्थावाला सवयीने जुनी भावगीते लावतो. त्या ध्वनिमुद्रणांचे हक्क कोणाचे तरी असतात, यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि प्रक्षेपण मध्येच थांबवूही शकते. म्हणून मध्यंतराच्या सीनमध्ये सभागृहाचा आवाज बंद ठेवलेला बरा.

ओबीएस जेथे अपुरे पडते ती जागा म्हणजे दूरस्थ पाहुणा. पुण्यातल्या किंवा अमेरिकेतल्या वक्त्याला नुसता दुवा पाठवून चर्चेत बसवायचे असेल तर स्ट्रीमयार्डसारखे ब्राउझरवर चालणारे साधन कितीतरी सोपे आहे. त्याच्या मोफत योजनेत चित्रावर त्यांचे बोधचिन्ह येते, पण शिकण्यासाठी लागणारा वेळ वाचतो. ज्यांना वर्षातून एकदा, एकाच वक्त्याचे, एकाच कॅमेऱ्याने प्रक्षेपण करायचे आहे त्यांनी ओबीएसच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. यूट्यूबवरच ब्राउझरमधून वेबकॅमने थेट जाता येते, आणि संस्थेच्या वार्षिक सभेला तेवढे पुरेसे आहे. व्याख्यानमाला चालवणाऱ्यांनी, म्हणजे पुन्हापुन्हा हे काम करणाऱ्यांनी, मात्र दोन-तीन संध्याकाळी खर्चून ओबीएसच शिकावे, आणि एकट्याने नव्हे. एकाने सीन बदलावेत, दुसऱ्याने हेडफोन लावून दुसऱ्या मोबाईलवर प्रत्यक्ष प्रक्षेपण ऐकत राहावे. आवाज गेल्याचे सभागृहात कोणालाच कळत नाही. ते फक्त त्या दुसऱ्याला कळते.

प्रक्षेपणाबरोबर ‘स्टार्ट रेकॉर्डिंग’ हे बटणही दाबावे. 12 तासांपेक्षा कमी लांबीचे प्रक्षेपण यूट्यूब आपोआप जतन करते, पण त्यात इंटरनेटच्या सगळ्या अडचणीही जतन होतात. लॅपटॉपवरची प्रत स्वच्छ असते. ती एमकेव्ही स्वरूपात ठेवल्यास वीज गेली किंवा लॅपटॉप मध्येच बंद पडला तरी तोवरचे मुद्रण वाचते, आणि नंतर ओबीएसच्याच ‘रीमक्स’ या सोयीने दर्जा न घटवता त्याचे एमपी4 करता येते. साध्या एमपी4मध्ये मुद्रण अर्धवट तुटले तर बहुधा संपूर्ण फाइलच उघडत नाही, आणि वक्त्याला तेच व्याख्यान पुन्हा द्या असे सांगता येत नाही.